आरसा खाली येईपर्यंत

१

सकाळी उठलं की हॉर्नचं पहिलं काम म्हणजे बायकोला उचलून खुर्चीत बसवणं. हॉर्न हे काही त्याचं नाव नव्हे. उभा जन्म बस चालवण्यात गेला. निवृत्त झाल्यावरही जिन्यात कुणी आडवं आलं की असा खेकसायचा की समोरचा भिंतीला चिकटायचा. म्हणून इमारतीतली पोरं त्याला पाठीमागून हॉर्न म्हणायची. त्याला ठाऊक होतं, पण त्यानं कधी दाखवलं नाही.

काखेत हात घालायचा, दुसरा गुडघ्याखाली, आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत तिला अलगद ठेवायचं. खुर्ची कुरकुरायची. ती म्हणायची, "ही अजून मला ओळखते बघा." मग अंगावर शाल, मांडीवर लोकर आणि सुया. राखाडी स्वेटर चालला होता त्याच्यासाठी. पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली, आणि दुसरी बाही कोपरापाशी येऊन थांबली होती. रोज दोन टाके घालायची आणि दम लागला की सुया खाली ठेवायची. पाय तर जमिनीला टेकवणं केव्हाच सुटलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, घरी घेऊन जा, आवडेल ते खायला घाला. डॉक्टर असं कधी म्हणतात ते सांगायला शाळा शिकावी लागत नाही.

एकदा ती म्हणाली, "अहो, माझा एक धड फोटो नाही."

हे खरं होतं. लग्नात डोळे मिटलेले, लेकीच्या लग्नात डोळे मिटलेले. ओळखपत्रावर तर अशी की बघणाऱ्यानं विचारावं, बाई गेल्या कधी? लेकीनं मोबाइलवर शंभर वेळा काढून बघितले. तिकडं बटण दाबलं रे दाबलं की हिची पापणी खाली. जन्माचीच खोड.

"भिंतीवर तरी जागी असू दे मला," ती म्हणाली. "नाहीतर तिथंही झोपलेलीच टांगाल."

"तोंड सांभाळून बोल."

"तुमच्याशी एवढी वर्षं सांभाळूनच बोलले. आता राहिलंय काय?"

कवळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे हॉर्ननं डब्यातून काढले. दात नव्हते ते नव्हतेच. चावून चावून असं काय चावायचं राहिलं होतं!

२

कॅमेऱ्यांचं दुकान एका अंधाऱ्या जिन्याखाली होतं. आत एक पन्नाशीची बाई डोळ्याला भिंग लावून कसला तरी बारीक स्क्रू फिरवत होती.

"चांगला कॅमेरा पाहिजे," हॉर्न म्हणाला. "पैसे एवढेच आहेत. घासाघीस करणार नाही, पण फसवलंत तर पुन्हा येऊन ओरडेन."

"बसा काका," दुकानवाली म्हणाली. "काढायचं काय आहे? लग्न? पक्षी?"

"बायको."

तिनं भिंग काढून त्याच्याकडं नीट बघितलं आणि मग समोर दोन कॅमेरे ठेवले. एक चकचकीत, हलका. दुसरा काळा, कडांना घासलेला, हातात धरला की वजन जाणवणारा.

"हा नवीन तऱ्हेचा. ह्यात आरसा नसतो, समोरचं सगळं पडद्यावर दिसतं. आणि हा जुना डीएसएलआर. ह्यात आरसा आहे. डोळा लावला की आरशातून समोरचं खरंखुरं दिसतं. तुमच्या पैशात दोन्ही येतील, पण जुनेच."

"आरशाचा द्या," हॉर्न लगेच म्हणाला.

"अहो, ऐकून तरी घ्या."

"काय ऐकायचं? आयुष्यभर आरशात बघून गाडी हाकली मी. मागं कोण चढलं, कोण उतरलं, कोण फुकट बसलं, सगळं आरशानं सांगितलं. पडद्यावर माझा विश्वास नाही."

दुकानवाली हसली. "मग एक गोष्ट लक्षात ठेवा. बटण दाबलं की हा आरसा वर उडतो, फोटो निघतो, आरसा खाली येतो. जेवढा वेळ आरसा वर, तेवढा वेळ तुम्हाला अंधार. म्हणजे नेमका फोटो निघतो तेव्हा काढणाऱ्याला काही दिसत नाही."

"किती वेळ?"

"पापणी लवेपर्यंत."

तिनं बटण दाबून दाखवलं. खट्-टक. दोन आवाज, पण एकमेकांना चिकटलेले. हॉर्ननं कॅमेरा कानाशी धरून पुन्हा दाबला, इंजिन ऐकावं तसा. खट्-टक. चोख होता.

"किती धावलाय हा? मीटर मागं फिरवलेलं नाही ना?"

"किती फोटो काढलेत ते आत नोंदलेलं असतं, ते काही मागं जात नाही. बराच धावलाय, पण चांगल्या हातात होता. बॉडी जुनी चालते काका, काच, म्हणजे लेन्स, चांगली पाहिजे. पन्नासची काच सगळं जवळ आणते, चेहऱ्याला उत्तम, पण खोली केवढी आहे?"

"खोली कसली, खुराडं आहे."

"मग नको. भिंतीला पाठ लावली तरी डोकं कापलं जाईल. एकच काच परवडतेय तर ही अठरा-पंचावन्नची, रुंद बघणारी घ्या. चेहरा थोडा लहान येईल, पण आजूबाजूची खोलीही येईल."

खोली काय करायचीय, असं त्याच्या मनात आलं. पण एकच काच परवडत होती. त्यानं तीच घेतली.

"ती डोळे मिटते," जाता जाता तो म्हणाला. ही गोष्ट त्यानं परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगितली.

"सोपं आहे. आधी मिटायलाच सांगायचं. मग 'उघड' म्हणायचं आणि दाबायचं. नुकते उघडलेले डोळे लगेच मिटत नाहीत."

३

दुपारी ऊन खिडकीतून आत आलं, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. डोळा लावला. आरशात आधी खुर्ची, खुर्चीत ती. तिच्या पलीकडं औषधांचं टेबल, मग चपलांचं कपाट, आणि शेवटी बाहेरचं दार. सगळी खोली आली होती, दुकानवाली म्हणाली होती तशीच.

"केस नीट आहेत का?"

"आहेत तेवढे नीट आहेत. मिट डोळे."

तिनं मिटले.

"उघड."

खट्.

अंधार झाला. हॉर्न टकची वाट बघत राहिला. पापणी लवण्याएवढा वेळ गेला. अजून अंधारच. त्या अंधारात खुर्ची कुरकुरली. कुणी बसल्याचा आवाज वेगळा असतो आणि उठल्याचा वेगळा. हा उठल्याचा होता.

टक.

आरसा खाली आला. ती खुर्चीतच होती, मांडीवर सुया, डोळे उघडे.

"झाला?"

"झाला."

त्यानं मागचा छोटा पडदा बघितला. खुर्ची रिकामी होती. खुर्चीशेजारी, पाठीवर हात टेकून, ती उभी होती. पाठमोरी. तीच शाल, तीच वेणी. उभी होती आणि तिचं तोंड दाराकडं होतं.

हॉर्ननं चष्मा पुसला. मनाशी म्हणाला, जुना कॅमेरा, कुणा आधीच्या मालकाचा फोटो राहिला असेल. पण मालकाच्या फोटोत ह्याच्या घरचं टेबल कसं येईल? ह्याच्या औषधांच्या बाटल्या कशा येतील? म्हणाला, डोळ्यात मोतीबिंदू आहे. पण मोतीबिंदूनं माणूस धुरकट दिसतो, उठून उभा राहत नाही.

"कसा आला?"

"मिटलेस. आणखी एक काढतो."

खट्. ह्या वेळी अंधार आणखी लांबला. त्यात पाय घासल्याचा आवाज आला. तिचाच. डावा पाय जरा ओढायची ती, चालत होती तेव्हा. तो आवाज ऐकून किती दिवस झाले होते! हॉर्नला आधी आनंद झाला. भीती मागाहून आली.

टक. ती खुर्चीत होती. पडद्यावरची मात्र टेबलापाशी पोचली होती. दाराकडं चालली होती.

"आता तरी?"

"मिटलेसच," तो म्हणाला आणि कॅमेरा बंद केला.

४

दुसऱ्या दिवशी शेजारीण घटकाभर बसली, तेवढ्यात तो दुकानात जाऊन आला.

"आरसा अडकतोय," त्यानं कॅमेरा आपटलाच. "खट् होतं आणि टक येत नाही."

दुकानवालीनं काच काढली, आत फुंकर मारली, बोटानं आरसा हलवून बघितला. मग तो हॉर्नकडं रोखून बटण दाबलं. खट्-टक. दाराकडं रोखून दाबलं. खट्-टक. हॉर्नचे फोटोही आले, कपाळावर आठ्यांसकट. जसा होता तसा.

"काही झालेलं नाही ह्याला." मग ती पडद्यावर मागं सरकवत आदल्या दिवशीचे दोन फोटो बघायला लागली. "अहो, छान काढलेत की! पाठमोरे आहेत, पण ऊन काय सुंदर पडलंय खांद्यावर. बाईंना उभं केलंत ते बरं केलंत, बसून माणूस आजारी दिसतं."

"तिला उभं राहता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उभं राहता येत नाही. मी उचलून ठेवतो तिथं असते. माझ्याशिवाय घरात कुणी नव्हतं."

दुकानवालीनं पडद्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. कॅमेरा हळूच काउंटरवर ठेवला आणि हात मागं घेतला.

"पैसे परत देते काका," ती म्हणाली. "राहू दे इथंच."

हॉर्न ओरडायच्याच तयारीनं आला होता. पण त्याला त्या अंधारातला ओढत्या पायाचा आवाज आठवला. त्यानं कॅमेरा उचलून पिशवीत घातला आणि दुकानाबाहेर पडला.

५

"एवढे दिवस तुम्हाला ओळखते," बायको म्हणाली. "खोटं बोललात की कान लाल होतात. दाखवा ते फोटो."

त्यानं दाखवले. म्हटलं, घाबरेल, रडेल. ती बराच वेळ बघत बसली. बोटानं पडद्यावरची आपलीच पाठ चाचपली.

"अगंबाई," ती म्हणाली. "उभी आहे की मी!"

"हे बरोबर नाही. मी परत देऊन येतो."

"पाठ बघा कशी ताठ आहे. दम लागलेला दिसतो का? कुठं टेकलेली तरी आहे का ह्या दुसऱ्यात?" तिला हसू येत होतं आणि त्या हसण्यानं धाप लागत होती. "अहो, काढा ना आणखी एक. मला चालू द्या थोडं."

नाही म्हणायला पाहिजे होतं. पण तिनं इतक्या महिन्यांत भाकरीचा तुकडासुद्धा मागितला नव्हता. त्यानं काढला. अंधार आणखीच लांबला. टक झालं तेव्हा पडद्यावरची ती चपलांच्या कपाटाशी वाकून एक पाय चपलेत सरकवत होती. पुढं फक्त दार होतं.

हॉर्ननं कॅमेरा कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिला. "बस झालं. आता विषय काढायचा नाही."

तिनं काही दिवस नाही काढला. पण त्या दिवसांत तिची तब्येत अशी उतरली की बघवेना. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायची. आडवं झोपता येईना, म्हणून रात्रंदिवस खुर्चीतच. सुया हातातून गळून पडायच्या आणि हॉर्न खाली बसून लोकरीचा गुंडा टेबलाखालून ओढून काढायचा. लेकीला निरोप गेला. ती दूर होती, निघाली होती.

त्या दुपारी ती म्हणाली, "राहिलेला फोटो काढा."

"नाही."

"पाठमोरीच ठेवणार मला?"

"तू दारापाशी पोचलीस!" तो ओरडला. जिन्यापर्यंत आवाज गेला असेल. "कळतंय का तुला? दारापाशी! पुढं कुठं जाणार आहेस?"

ती ओरडण्याला कधीच घाबरली नव्हती. "दारात पोचले की मी काय करते?" तिनं विचारलं. "आठवून सांगा."

आयुष्यभर ती घराबाहेर पडताना उंबऱ्यात थांबायची, मागं वळायची आणि म्हणायची, गॅस बंद आहे ना बघा. बाजारात जाताना, माहेरी जाताना, बाळंतपणाला निघाली तेव्हा कळा येत असतानासुद्धा. त्यावरून तो किती वेळा तिच्यावर खेकसला होता.

"वळून बघते," तो म्हणाला.

"मग? तोंड दिसेल की."

"मला नको तोंड. तू पाहिजेस."

"मला आता बसवत नाही हो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि तेही अगदी साध्या आवाजात. त्यानं कपाटाच्या डोक्यावरचा कॅमेरा उतरवला.

६

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आरशात ती दिसत होती. लहानशी, शालीत बुडालेली.

"मिट डोळे."

मिटले.

पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघेना. तो तिच्याकडं बघत राहिला. आरशात बघून गाडी हाकणाऱ्याला एवढं कळतं, की जोवर आपण बघतोय तोवर मागचं माणूस गाडीतच आहे.

"हात भरून येतील तुमचे," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"उघड," तो म्हणाला.

खट्.

अंधारात आधी खुर्ची कुरकुरली. मग पाय, डावा जरा ओढत. टेबलापाशी बाटली बाटलीला लागून किणकिणली. चपला वाजल्या. छातीतली शिट्टी कुठंच नव्हती. श्वास चालला होता मोकळा, जवान बाईचा. मग कडी निघाली. त्या कडीचा आवाज त्यानं हजारदा ऐकला होता. हॉर्ननं डोळा आणखी घट्ट लावला. त्याला हाक मारायची होती, पण दात नसलेल्या तोंडातून नुसती हवा गेली.

"गॅस बघा," ती म्हणाली. आवाज दारातून आला.

टक.

आरसा खाली आला तेव्हा ती खुर्चीतच होती. डोळे उघडे होते. तो थांबला. ती पापणी मिटेल म्हणून कितीतरी वेळ थांबला. जन्मभर बटण दाबलं की मिटणारी ती पापणी, ती काही मिटली नाही. शेवटी त्यानंच जवळ जाऊन, कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत असताना, दोन बोटांनी मिटली.

मग स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघितला. बंद होता.

७

फोटो चांगला आला होता. दाराची कडी निघालेली, दार अर्धं उघडं, आणि उंबऱ्यात वळलेली ती. तोंड पूर्ण दिसत होतं. डोळे टक्क उघडे, ओठांत हसू. लेकीनं बघितला आणि ती तिथंच खाली बसून रडली. तिला वाटलं, आधीचा कधीतरी काढलेला असेल. हॉर्ननं वाटू दिलं.

फोटो कागदावर काढायला तो दुकानवालीकडंच गेला. तिनं काही विचारलं नाही. मोठ्या पडद्यावर फोटो उघडला. मग म्हणाली, "काका, ह्या तुमच्याकडं बघत नाहीयेत."

"माहीत आहे."

ती कॅमेऱ्याकडं बघतच नव्हती. खुर्चीकडं बघत होती.

"आणि खुर्चीत..."

"माहीत आहे म्हटलं ना."

अंधारात कॅमेरा जरा दाराकडं वळला असावा, खुर्ची फोटोच्या कडेला अर्धीच आली होती. पण आधीच्या फोटोंत ती रिकामी असायची. ह्यात खुर्चीच्या हातावर कुणाचा तरी हात टेकलेला होता. कोपरापासून मनगटापर्यंत, एवढाच. म्हाताऱ्याचा हात, राखाडी लोकरीच्या बाहीतला. मनगटापाशी बाहीचा रंग जरा गडद होता. हॉर्नकडं राखाडी बाहीचं काही नव्हतं. जे होतं ते अर्धवट, सुयांवर, लेकीच्या पिशवीत होतं.

"तेवढं कापून टाका," तो म्हणाला.

तिनं कापलं. उरलेला फोटो भिंतीवर लागला. येणारा-जाणारा म्हणायचा, काय जिवंत फोटो आहे, डोळे कसे बोलतात! हॉर्न ऐकून घ्यायचा. घरभर फिरून बघितलं त्यानं. स्वयंपाकघरात उभं राहिलं तरी ती त्याच्याकडं बघत नसे, पलंगावर बसलं तरी नसे. फक्त वेताच्या खुर्चीत बसलं की बरोबर नजरेला नजर लागायची. मग तो तिथंच बसायला लागला. सकाळपासून तिथंच. जिन्यात आता कुणी आडवं आलं तरी आवाज यायचा नाही. पोरं चुकल्या-चुकल्यासारखी जिना उतरायची.

थंडी सुरू झाली तशी लेक आली. पिशवीतून तिनं स्वेटर काढला.

"आईचं राहिलं होतं ते पुरं केलं बाबा. मला तिच्यासारखं जमत नाही, हसू नका. आणि तीच लोकर कुठं मिळाली नाही. मनगटापाशी जरा गडद झालाय. चालेल ना?"

हॉर्ननं बाहीवरून हात फिरवला. आईचे टाके कुठं संपले आणि लेकीचे कुठं सुरू झाले ते बोटांना कळत होतं.

"चालेल," तो म्हणाला.

ती खाली दूध आणायला गेली. त्यानं उठून आतून कडी लावली आणि स्वेटर अंगात घातला. अंगाला बरोबर बसला. आत जाऊन गॅस बंद आहे का ते बघितलं. मग येऊन खुर्चीत बसला. खुर्ची कुरकुरली. त्यानं हात खुर्चीच्या हातावर टेकवला आणि भिंतीकडं मान वर केली.

कॅमेरा कपाटाच्या डोक्यावर होता, कापडात गुंडाळून. बॅटरी त्यानंच काढून ठेवली होती.

खट्.

हॉर्न हलला नाही. बाहेरच्या दाराची कडी निघाली होती. उंबऱ्यात कुणी थांबलं तर पायाखालची फरशी जशी हलते, तशी हलली. तो टकची वाट बघत बसला, डोळे सताड उघडे ठेवून. पापणी म्हणून लवू द्यायची नव्हती.